लटकत्या आसनावरील काम आणि कामगारांची सुरक्षितता

उंच इमारतींची बाहेरून रंगरंगोटी करणे, काचा पुसणे, भिंतींतील भेगा बुजविणे अशा कामांसाठी दोराला टांगलेल्या एका माणसापुरत्या आसनाचा उपयोग करण्यात येतो. या आसनास ‘बोसन्स चेअर’ असे म्हणतात. शिडाच्या जहाजांवर दोरखंडांची व्यवस्था पाहणाऱ्या बोसन या अधिकाऱ्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे बोलण्यात त्यास झुला असेही म्हटले जाते.

कामगार भिंतीवर दिसत असला, तरी त्याची सुरक्षितता ठरते ती गच्चीवर. आसनाचा भार पेलणारा दोर आणि कामगाराच्या अंगावरील पट्ट्याला जोडलेला जीवनदोर हे दोन्ही पूर्णपणे वेगळे असावेत व ते दोन निरनिराळ्या आधारांना बांधलेले असावेत, हा या कामाचा पहिला नियम होय. दोन्ही दोर एकाच नळाला वा कठड्याला बांधल्यास दुसऱ्या दोराचा काहीच उपयोग राहत नाही. विटांचा कठडा तर आधार म्हणून वर्ज्यच समजावा. पडणाऱ्या देहाचा झटका त्याच्या वजनाच्या अनेक पट असतो. म्हणूनच अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत अशा आधाराने दर माणशी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो भार पेलावा, अशी सर्वसाधारण अट घालण्यात आली आहे. वीस मीटरवरून पडणारा माणूस अवघ्या दोन सेकंदांत जमिनीवर आदळतो; सावरण्यास वेळच नसतो.

दोर एकाएकी तुटतो असे वाटते, पण तो बहुधा आधीच झिजलेला असतो. गच्चीच्या धारदार कडेवर होणारे घर्षण, कडक ऊन आणि फरशी धुण्यासाठी वापरले जाणारे आम्ल यांमुळे नायलॉनचा दोर दुर्बल होतो. कडेवर जाड आवरण घालणे आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण दोर हाताखालून घालणे, एवढ्याने पुष्कळ काही साधते.

केवळ कमरेचा पट्टा पुरेसा नाही, कारण झटक्याने पोटास व मणक्यास गंभीर इजा होऊ शकते. पूर्ण शरीराचा पट्टा आवश्यक असून त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३५२१ हे मानक आहे. मात्र पट्ट्यात निश्चल लटकून राहणेही घातक असते. पायांत रक्त साठते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणे म्हणूनच धोक्याचे असते. सुटकेची सोय जागेवरच हवी.

बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा आणि १९४८ चा कारखाना कायदा यांची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परंतु रंगकामाच्या निविदा मागविणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी दराबरोबरच जीवनदोर कोठे बांधणार आणि अडकलेल्या माणसास खाली कोण उतरविणार, हेही लेखी विचारावयास हवे.