कृतज्ञतेचा गुरुवार

कोणत्याहि राष्ट्राचा इतिहास दोन ठिकाणीं सांठविलेला असतो. एक त्याच्या दप्तरांत व दुसरा त्याच्या सणांत. दप्तरांतील इतिहास थोडे लोक वाचतात. सणांतील इतिहास मात्र घरोघर पानावर वाढला जातो. या दोहोंचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं, आणि जेथें तो बसत नाहीं तेथें अभ्यासकानें घटकाभर थांबून विचार करावा, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं पाळला जाणारा ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे आभारप्रदर्शनाचा सण हें याचें ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रांतील किती तरी घरांतले मुलगे व मुली आज त्या देशांत संसार थाटून आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या तोंडून हा सण आपल्याहि घरांत येऊन पोंचला आहे. तेव्हां त्याचें मूळ शोधणें हें केवळ परक्याच्या घरांत डोकावणें नव्हे.

प्रथम ऋतूविषयीं दोन शब्द. आपल्याकडे शरद् म्हणजे निवळलेलें पाणी आणि चांदणें. न्यू इंग्लंड प्रांतांत शरद् म्हणजे पानांचा रंगोत्सव. दिवस लहान होऊन रात्री गारठूं लागल्या कीं पानांतील हरितद्रव्य ओसरतें, त्याखालीं दडलेला पिवळा रंग वर येतो, आणि मेपल वृक्षाच्या पानांत अडकून राहिलेल्या साखरेच्या साहाय्यानें तांबडा रंग नव्यानें तयार होतो. व्हरमाँट व न्यू हॅम्पशायरचे डोंगर त्या दिवसांत पेटल्यासारखे दिसतात. मुलाबाळांना घेऊन लोक सफरचंदाच्या बागांत जातात व आपल्या हातांनीं फळें तोडतात. शेतांतून हिंडून भोपळे निवडतात. मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण भागांत क्रॅनबेरी नांवाच्या आंबट तांबड्या फळांचीं शेतें पाण्यानें भरून त्यावर तरंगणारें पीक कसें गोळा करतात, तें कांठावर उभे राहून पाहतात. या सहलींचें फळ नोव्हेंबरांतील त्या गुरुवारच्या जेवणांत एकत्र येतें. भोपळ्याचें व सफरचंदाचें सारण भरून भाजलेलीं पक्वान्नें, क्रॅनबेरीची गोड चटणी, मका, आणि मेजाच्या मध्यभागीं आखा भाजलेला टर्की पक्षी, असा हा थाट असतो.

या पक्ष्याचा आमच्या भूमीशींहि एक जुना संबंध आहे. टर्की मूळचा अमेरिका खंडांतला. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून जहांगीर बादशहापुढें जे नवलाईचे प्राणी आणिले त्यांत तो होता. बादशहानें त्याचें वर्णन आपल्या आत्मवृत्तांत केलें आणि दरबारचा चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याचें चित्र काढविलें. म्हणजे अमेरिकेंतील ज्या मेजवानीस आज या सणाचें मूळ मानतात, तिच्या नऊ वर्षें अगोदर हा पक्षी मोगल दरबारांत हजर झाला होता! मका व लाल भोपळा हींहि तिकडचींच पिकें. पण तीं आमच्या परसांत इतकीं रुजलीं कीं त्यांचा परदेश आम्ही विसरून गेलों.

आतां मूळ कथेकडे वळूं. १६२० च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील प्लिमथ बंदरांतून ‘मेफ्लॉवर’ जहाज १०२ उतारू घेऊन निघालें. त्यांतील बरेच जण इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेपासून फुटलेले व कांहीं वर्षें हॉलंडांतील लायडन शहरीं राहिलेले होते. बाकीचे नशीब काढावयास निघालेले. नोव्हेंबरांत किनारा लागला, आणि पहिल्या हिवाळ्यांत थंडीनें व आजारानें सुमारें निम्मे लोक दगावले. ज्या जागीं त्यांनीं वस्ती केली ती ओसाड होती, पण मूळची ओसाड नव्हती. तें वाम्पनोआग लोकांचें पाटुक्सेट नांवाचें गांव होतें. १६१६ पासून १६१९ पर्यंत त्या किनाऱ्यावर सांथीनें थैमान घातलें. ती युरोपियन जहाजांबरोबर आली होती, व तिच्यांत गांवेंच्या गांवें निर्मनुष्य झालीं. शेतें तयार होतीं. पेरणारे हात तेवढे उरले नव्हते.

त्या गांवचा टिस्क्वाँटम नांवाचा एक पुरुष मात्र जिवंत होता, आणि तोहि एका अत्याचारामुळेंच. १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला इतरांबरोबर पळवून स्पेन देशांतील मालागा येथें विकावयास नेलें होतें. तेथून तो इंग्लंडांत पोंचला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ मध्यें स्वदेशीं परतून पाहतो तों गांवांत कोणी नाहीं! याच मनुष्यानें १६२१ च्या वसंतांत नव्या वसाहतवाल्यांस मका कसा पेरावा व त्याच्या मुळाशीं मासळीचें खत कसें घालावें तें शिकविलें. वाम्पनोआगांचा प्रमुख औसामेक्विन, ज्यास मॅसासॉइट या पदवीनें ओळखतात, त्यानेंहि मार्चमध्यें या नवागतांशीं तह केला. त्यांत भोळेपणा नव्हता. सांथीनें त्याचें बळ खचलें होतें, शेजारचे नॅरॅगॅन्सेट लोक तिच्यांतून बचावून प्रबळ झाले होते, आणि बंदुका बाळगणारे हे परके आपल्या बाजूस असावेत असा त्याचा हिशेब होता.

त्या वर्षीं शरदांत मक्याचें पीक चांगलें आलें. पुढें काय झालें, याविषयीं त्या समारंभास हजर असलेल्या माणसाचा एकच लेख उपलब्ध आहे. एडवर्ड विन्स्लो यानें ११ डिसेंबर १६२१ रोजीं लिहिलेल्या पत्रांत कांहीं थोडीं वाक्यें या प्रसंगास दिलीं आहेत. चार माणसें पक्ष्यांच्या शिकारीस पाठविलीं. मॅसासॉइट सुमारें नव्वद पुरुषांसह आला. त्यांनीं पांच हरणें मारून आणिलीं. तीन दिवस मेजवानी चालली. इतकेंच. पत्रांत टर्कीचा उल्लेख नाहीं, आणि ‘आभारदिन’ हा शब्दहि नाहीं. विशेष हें कीं, यजमानांपेक्षां पाहुणे संख्येनें अधिक होते. त्यांतहि यजमान कोण व पाहुणे कोण, हा प्रश्न उरतोच. कारण जमीन, बियाणें व शेतीची विद्या हीं तिन्ही पाहुण्यांचीं होतीं.

त्या काळच्या प्युरिटन लोकांच्या मतें आभारदिन ही अगदीं निराळी गोष्ट होती. ईश्वराचा कोप दिसला कीं उपवासाचा दिवस, कृपा दिसली कीं आभाराचा दिवस, अशी त्यांची रीत. त्यांस ठराविक तिथि नसे व मुख्य कार्य प्रार्थनेचें असे. १६२३ सालीं अवर्षणानंतर पाऊस पडला तेव्हां प्लिमथनें असा दिवस पाळला. पण ईश्वराचे आभार केवळ पावसासाठीं मानले जात नसत. १६३७ सालीं पीक्वॉट लोकांचा संहार झाल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत आभारदिन झाला. मॅसासॉइटचा पुत्र मेटॅकॉम यानें १६७५ सालीं इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलें. १६७६ च्या ऑगस्टांत तो मारला गेला, आणि त्याच महिन्यांत प्लिमथनें पुनः आभारदिन पाळला. मेटॅकॉमचें शिर त्या गांवीं खांबावर लटकविण्यांत आलें व तें तेथें कित्येक वर्षें होतें. ज्यानें पांच हरणें आणविलीं त्याच्या मुलाची ही गत पन्नास-पंचावन्न वर्षांत झाली.

मग हा प्रार्थनेचा दिवस घरगुती मेजवानीचा कसा झाला? याचें एक कारण असें कीं प्युरिटनांस नाताळ मान्य नव्हता. मॅसॅच्युसेट्सनें १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरविला व तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. माणसांस वर्षांतून एकदां तरी एकत्र बसून गोडधोड खाल्ल्यावांचून राहवत नाहीं. नाताळचें दार बंद झालें तेव्हां तो आनंद आभारदिनाच्या दारानें आंत आला. दुसरें कारण स्थलांतराचें. एकोणिसाव्या शतकांत न्यू इंग्लंडमधील तरुण पिढी शहरांकडे व पश्चिमेच्या नव्या मुलुखाकडे निघाली, आणि हा दिवस त्यांच्या घरीं परतण्याचा दिवस झाला. लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेनें १८४४ सालीं मुलांसाठीं लिहिलेलें, आजोबांच्या घरीं जाण्याचें सुप्रसिद्ध गीत याच काळचें. दिवाळीस माहेरीं येणाऱ्या लेकीची आणि गणपतीस कोंकणांत परतणाऱ्या चाकरमान्याची ओढ ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांतील मर्म वेगळें सांगावयास नको.

या घरगुती चालीस राष्ट्रीय सणाचें रूप देण्याचें श्रेय एका विधवेकडे जातें. सेरा जोसेफा हेल हिचा पति १८२२ सालीं वारला तेव्हां पांच मुलांचा भार तिच्यावर पडला. लेखणी हेंच तिचें उपजीविकेचें साधन झालें. आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकलें गेलेलें मेरीच्या कोंकराचें इंग्रजी बालगीत तिचेंच, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाची ती चाळीस वर्षें संपादिका होती, आणि सर्व राष्ट्रानें एकाच दिवशीं आभारदिन पाळावा असा आग्रह तिनें लेखांतून व पत्रांतून अखंड चालविला. २८ सप्टेंबर १८६३ रोजीं तिनें अध्यक्ष लिंकन यांस पत्र लिहिलें. देश यादवींत होरपळत होता. गेटिसबर्गचा रणसंग्राम होऊन तीन महिनेहि झाले नव्हते. ३ ऑक्टोबर रोजीं लिंकन यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला. पुढें १९३९ सालीं अध्यक्ष रूझव्हेल्ट यांनीं व्यापाऱ्यांच्या सोयीसाठीं तो एक आठवडा अलीकडे ओढला, तेव्हां कांहीं संस्थानांनीं जुना व कांहींनीं नवा दिवस पाळला, आणि अखेर १९४१ च्या डिसेंबरांत कायद्यानें चौथा गुरुवार कायम झाला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वॉशिंग्टन यांच्या १७८९ च्या जाहीरनाम्यांत किंवा लिंकन यांच्या १८६३ च्या जाहीरनाम्यांत प्लिमथच्या मेजवानीचें नांवहि नाहीं. विन्स्लोचें पत्र १८४१ सालीं अलेक्झांडर यंग यानें पुनः छापलें व तळटीपेंत त्या मेजवानीस ‘पहिला आभारदिन’ म्हटलें, तेथून ही कथा सणास चिकटली. पुढें युरोपांतून लक्षावधि लोक अमेरिकेंत येऊं लागले, तेव्हां त्यांच्या मुलांस राष्ट्राची एक गोड, रक्तहीन जन्मकथा शिकविणें शाळांस सोयीचें वाटलें. सण आधीं जन्मला व त्याची पुराणकथा मागून आली. असें आपल्याहि सणांचें पुष्कळदां झालें आहे. त्यांत दोष नाहीं. दोष एवढाच कीं या कथेंत पाहुणे जेवून उठतात आणि पुढें त्यांचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं.

तो प्रश्न विचारणारे लोक मात्र आजहि तेथें आहेत. १९७० सालीं मेफ्लॉवरच्या आगमनास ३५० वर्षें झालीं म्हणून झालेल्या समारंभांत वाम्पनोआग वंशाचे वॅमसुटा फ्रँक जेम्स यांस भाषणास बोलाविलें होतें. भाषणाचा मसुदा पाहून तें तसेंच करण्यास मनाई झाली. तेव्हां त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं प्लिमथ येथें मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ जमून त्या गुरुवारीं शोकदिन पाळला, आणि ती प्रथा पुढें चालू राहिली. त्यांची भाषा एकोणिसाव्या शतकांत बोलण्यांतून गेली होती. परंतु जॉन एलियट या धर्मोपदेशकानें तिच्यांत केलेलें बायबल १६६३ सालीं छापलें गेलें होतें. त्या ग्रंथाच्या व जुन्या कागदपत्रांच्या आधारें जेसी लिटल डो बेअर्ड या विदुषीनें १९९० नंतरच्या दशकांत ती भाषा पुनः शिकण्या-शिकविण्याचें कार्य आरंभिलें, आणि आज मुलांच्या तोंडीं ती ऐकूं येते. इंग्रजांनीं धर्मांतरासाठीं छापलेला ग्रंथ मूळच्या लोकांस आपली वाणी परत मिळवून देण्याच्या उपयोगीं पडला, हें इतिहासाचें नवलच म्हणावयाचें.

तर मग हा सण टाकावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पीक घरांत आलें असतां हात जोडावे, दूर गेलेल्या मुलांनीं घरीं यावें, एका मेजाभोवतीं तीन पिढ्यांनीं बसावें, यांत वाईट असें कांहींच नाहीं. आपल्या शतपथ ब्राह्मणांत सांगितलें आहे कीं मनुष्य जन्मतःच ऋणी असतो. देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि मनुष्यांचा. पहिलीं तीन ऋणें आपल्या तोंडीं नेहमीं असतात. चौथें आपण बहुधा विसरतों. अन्न व आसरा देऊन तें फेडावयाचें असतें. या मापानें पाहिलें तर थँक्सगिव्हिंगमध्यें देवाचें ऋण आठवलें जातें, पितरांचें आठवलें जातें. ज्यांनीं अन्न व आसरा दिला त्या मनुष्यांचें ऋण मात्र अद्याप खातेवहींत तसेंच उभें आहे.

आमच्यांतील ज्या कुटुंबांनीं त्या देशांत घर केलें आहे, त्यांनीं हा सण अवश्य साजरा करावा. भोपळा आणावा, लाल-पिवळीं पानें पाहावीं, नातवंडांस जवळ बसवावें. आणि पान वाढलें असतां पाटुक्सेट हें एका गांवाचें नांव होतें व टिस्क्वाँटम हें एका माणसाचें, एवढें त्यांस सांगावें. मुलें पुढचा प्रश्न आपण होऊन विचारतील. त्याचें उत्तर देतांना आवाज थोडा जड होईल. पण आभार मानण्याचा आरंभ तेथूनच होतो.