त्रिरश्मीवरचं व्याज

जुने मठ, जुनी कॉन्व्हेंटं पाहायला नाशिककर थेट रोमपर्यंत जातात. पांडवलेणी मात्र शाळेच्या सहलीत एकदाची उरकलेली असतात. म्हणून आज तुम्ही आपल्याच गावात परदेशी व्हा.

फाळके स्मारकाजवळून त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढायला लागा. अर्ध्यावर धाप लागते, तुम्ही मागं वळता, आणि मुंबई-आग्रा महामार्ग दिसेनासा झालेला असतो. खाली फक्त गोवर्धनकडे जाणारी धुळीची वाट. तिसरं शतक चालू आहे. आभीर राजा ईश्वरसेनाचं नववं वर्ष, ग्रीष्माचा चौथा पक्ष, तेरावा दिवस. ऊन तेवढं ओळखीचं आहे.

पोढीतलं, म्हणजे कोरीव टाक्यातलं, पाणी ओंजळीनं प्या. तुमच्या कपड्यांचं इथं कुणाला फारसं अप्रूप वाटत नाही. चैत्यगृहाला लागून असलेलं लेणं उत्तरेतल्या दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं खोदवलंय, आईवडिलांच्या पुण्यासाठी. परकी माणसं या डोंगराच्या अंगवळणी पडलेली आहेत.

क्षत्रप राजा नहपानाच्या विहाराची ओसरी चढा. आत चौरस सभामंडप, भोवती सोळा खोल्या. डोळे अंधाराला सरावले की खोलीतला दगडी ओटा दिसतो, माणूसभर लांब. हात ठेवा, थंड लागतो. उशी नाही, खिडकी नाही. संसार सोडणं म्हणतात ते हेच, असं तुमच्या मनात येतं.

मग ओसरीतली भिंत पाहा. अक्षरं ब्राह्मी, तुम्हाला लागायची नाहीत. शेजारचा तरुण भिक्खू बोट फिरवत वाचून दाखवतो. नहपानाचा जावई उषवदात यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण ठेवलेत. दोन हजारांवर महिना एक टक्का, उरलेल्या हजारावर पाऊण टक्का. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. पावसाळ्यात इथं राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख बसतो, एक नाणंसुद्धा उरत नाही. वर हे सगळं निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवलेलं. (वर्षाला बारा टक्के! तुमच्या बँकेतल्या ठेवीची आठवण काढू नका.) हजारावरचं व्याज भिक्खूंच्या किरकोळ खर्चाला.

म्हणजे तो थंड ओटा गोवर्धनातल्या मागांवर टेकलेला आहे. खाली धोटा फिरतोय तोवर वर ध्यान चालतं. यात कुणाला विसंगती वाटत असेल तर वाटो. मला तर या डोंगरावरचं सगळ्यात शहाणं काम तेच वाटतं. राजे बदलले. नहपानाच्या क्षहरात कुळाचा सातवाहन राजा गौतमीपुत्रानं निःपात केला, नहपानाची चांदीची नाणी गोळा करून त्यांवर स्वतःची चिन्हं ठोकली. पण विहारात राहणं थांबलं नाही.

दारांवरची नावंही वाचून घ्या. ही ओवरी उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनं दिलेली. पलीकडे एका व्यापाऱ्याच्या लेण्यात एक खोली त्याच्या बायकोची, नंदश्रीची, एक लेकीची, पुरुषदत्तेची. तिसऱ्या क्रमांकाचं, सहा धिप्पाड गणांनी खांद्यावर तोललेलं लेणं गौतमीपुत्राच्या आईचं, बलश्रीचं; नातू पुळुमावी गादीवर असताना तिनं ते दिलं. आणखी पुढचं बोपकी नावाच्या भिक्खूनं सुरू केलं आणि ते कितीतरी वर्षं अर्धवट पडलं. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापतीची बायको वासू हिनं ते पुरं केलं. घरात बसून लेकीसुनांनी केवढा डोंगर पोखरलाय!

आता अंगणात छिन्नीचा टकटक आवाज येतो तिकडे जा. नहपानाच्याच विहारापुढं, बाजूच्या भिंतीवर नवा लेख कोरला जातोय. अग्निवर्मा शकाची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई विष्णुदत्ता. तिनंही ठेव ठेवलीय, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे, तेल्यांकडे, अशी गोवर्धनातल्या श्रेणींत वाटून. एकाच श्रेणीवर सगळा भार टाकलेला नाही. हे व्याज चीवरांसाठी नाही. डोंगरावर जो कुणी आजारी पडेल, त्याच्या औषधासाठी आहे.

तरुण भिक्खू मान डोलावतो. खोकतोय तोही. कोरणारा हात थांबवत नाही, उन्हं उतरायच्या आत त्याला ओळ संपवायचीय.