गळका नळ: वायसरपासून कार्ट्रिजपर्यंत

नळाचा इतिहास म्हणजे पाणी नेमकं कुठे अडवायचं, याचा इतिहास. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली स्क्रूने बंद होणाऱ्या नळाचं पेटंट घेतलं. चावी फिरवली की वायसर खाली दाबला जातो आणि पाणी थांबतं. वायसर झिजला की नळ गळतो. तो बदलला की काम झालं.

पुढे १९३७ साली अमेरिकेत अल मोएन या विद्यार्थ्याच्या हातावर नळातून अचानक कढत पाणी आलं. तेव्हा गरम आणि गार पाण्याच्या चाव्या वेगळ्या असत. एकाच दांड्याने दोन्ही पाणी मिसळणारा नळ करायचं त्याने मनावर घेतलं. १९४७ साली त्याचा नळ बाजारात आला.

आजच्या बहुतेक मिक्सरमध्ये कार्ट्रिज असतं. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. पाण्यातली बारीक रेती त्यांना ओरखडे पाडते, आणि थेंब सुरू होतात. सेकंदाला एक, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब!

आता गंमत बघा. वायसर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळायचा. कार्ट्रिज मात्र कंपनीगणिक वेगळं. ते जुळलं नाही की प्लंबर म्हणतो, "नवाच नळ बसवा." पण पितळेचं धड वर्षानुवर्षं टिकतं, झिजतो तो आतला छोटा भाग. म्हणून आधी कॉक बंद करा, जुनं कार्ट्रिज काढा आणि तेच नमुन्याला घेऊन दुकानात जा. झिजणारा भाग बदलायचा आणि नळ ठेवायचा, ही १८४५ची रीत अजून जुनी झालेली नाही.