उष्ण वाफा व पॅरिसचा हिवाळी भाजीमळा

कुजणाऱ्या ताज्या लिदीच्या थरातून निघणाऱ्या उष्णतेचा उपयोग करून कडक थंडीतही बी रुजविण्यासाठी व रोपे वाढविण्यासाठी तयार केलेल्या वाफ्यास ‘उष्ण वाफा’ म्हणतात. समशीतोष्ण कटिबंधातील देशांत हिवाळ्यात जमीन गोठते आणि सामान्य शेतकऱ्याचे काम थंडावते. भाजीमळेवाल्याच्या दृष्टीने मात्र हाच काळ सर्वांत मोलाचा असतो. कारण वसंत ऋतूत कोणाचा माल बाजारात आधी पोहोचणार, हे डिसेंबर-जानेवारीतील तयारीवर ठरते. या तयारीचे शास्त्र एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या मळ्यांत परिपूर्णतेस पोहोचले. ज्या घोड्यांच्या बळावर ते उभे होते, ते शहरातून नाहीसे होताच त्याचा आधार तुटला.

या कल्पनेचे मूळ प्राचीन आहे. रोमन सम्राट टायबीरिअस (कार. इ. स. १४–३७) याला रोज काकडी लागे. त्यासाठी चाके लावलेल्या वाफ्यांत वेल वाढवीत. ते उन्हात ढकलीत नेत आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली आणून ठेवीत, असे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. कॉलमेलानेही खत घातलेल्या मातीच्या टोपल्यांत काकडी लावण्याची रीत सांगितली आहे. पुढे फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या आज्ञेवरून झां बातीस्त द ला कँतिनी (१६२६–८८) याने व्हर्सायच्या दलदलीत १६७८–८३ या काळात राजाचा भाजीबाग उभारला. ताज्या लिदीचे वाफे व काचेची आच्छादने यांच्या साहाय्याने तो डिसेंबरात ॲस्परॅगस, जानेवारीत सालीट (लेट्यूस) आणि मार्चअखेर स्ट्रॉबेरी राजाच्या ताटात पोहोचवी. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६९० मध्ये प्रसिद्ध झाला व तीनच वर्षांत इंग्रजीत आला. हा राजाचा शौक सामान्य बाजारापर्यंत नेण्याचे श्रेय मात्र पॅरिसच्या मळेवाल्यांकडे जाते.

लिदीतील उष्णता सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने निर्माण होते. तबेल्यातील पेंढ्यात कार्बन भरपूर, तर लीद व मूत्र यांत नायट्रोजन पुरेसा असतो. ओलावा व हवा मिळताच सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात आणि ढिगाचे तापमान काही दिवसांत ६०° से.च्याही वर जाते. हा पहिला ताव रोपांना घातक असल्याने तो उतरेपर्यंत थांबावे लागते. त्यानंतर सौम्य ऊब काही आठवडे टिकते. गाईचे शेण अधिक ओले व घट्ट असल्याने ते सावकाश व कमी तापते. म्हणून मळेवाले त्यास ‘थंड’ खत मानीत.

पॅरिसच्या मळेवाल्यास ‘मारेशे’ म्हणत. दलदलीच्या जमिनीस फ्रेंच भाषेत ‘मारे’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. मोरो व दाव्हेर्न या दोघा मळेवाल्यांनी लिहिलेला व्यवहारोपयोगी ग्रंथ १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखणीपेक्षा फावड्याशी अधिक परिचय असलेल्या माणसांनी आपल्या धंद्याची गुपिते इतक्या मोकळेपणाने सांगावीत, ही गोष्ट त्या काळी तरी विरळाच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या सु. एक षष्ठांश क्षेत्रावर असे मळे होते व त्यांत दरवर्षी सु. दहा लाख टन लीद खपत असे. एकाच जमिनीतून वर्षाकाठी तीन ते सहा पिके निघत. रात्री भाजी घेऊन मध्यवर्ती बाजारात गेलेली गाडी परतताना तबेल्यांतील लीद भरून आणी.

हिवाळ्याची सिद्धता उन्हाळ्यातच सुरू होई. तेव्हापासून लीद रचून ठेवीत. पुढे ती ताज्या लिदीत मिसळली, म्हणजे उष्णता बेताची राही व अधिक दिवस टिके. ऑक्टोबरात सालिटाचे बी पेरून रोपे काचेच्या घंटांखाली दाट लावून ठेवीत. डिसेंबर-जानेवारीत वाफा भरताना लीद सारखी पसरून, पायांनी तुडवून सु. ४० ते ६० सेंमी. जाडीचा थर करीत. त्यावर लाकडी चौकट ठेवून आत पूर्ण कुजलेल्या काळ्या खताचा थर देत व वरून काच बसवीत. पहिला ताव ओसरला, की मुळा व गाजर यांचे बी एकत्र फोकून त्याच वाफ्यात सालिटाची रोपे लावीत. मुळा सर्वांत आधी निघे, मग सालीट, आणि गाजरांना मोकळी जागा मिळताच त्यांच्यामध्ये फुलकोबीची रोपे बसत. काचघंटेखाली मध्यभागी एक उंच जातीचे व भोवती तीन गड्ड्यांचे सालीट लावण्याची रीत होती. थंडी वाढली, तर चौकटींमधील वाटांत ताजी लीद ठासून वाफ्यांना बाजूंनी ऊब देत. रात्री राय गवताच्या काडाच्या चटया काचांवर अंथरीत. या चटया पावसापाण्याच्या दिवसांत घरीच विणल्या जात. सकाळी त्या काढायच्या, ऊन तापले की खाचा पाडलेल्या खुंटीने काच किंचित उचलून धरायची, सूर्य कलताच पुन्हा झाकायची. यात एका रात्रीचा आळस झाला, तर दोन महिन्यांची मेहनत वाया जाई.

वर्षानुवर्षे कुजलेली लीद जमिनीवर पसरत गेल्याने मळ्याची माती जणू मळेवाल्याने स्वतः घडविलेली असे. म्हणूनच मळा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती बरोबर नेण्याची मुभा खंडाच्या करारात असे, असे क्रपॉटकिनने नोंदविले आहे. या मळ्यांच्या उत्पन्नावरून त्याने अल्प जमिनीवर मोठ्या लोकसंख्येच्या पोषणाची आशा व्यक्त केली. तिच्यात तथ्य असले, तरी मळेवाल्याच्या कुटुंबाचे रात्रंदिवस चालणारे कष्ट आणि लीद व काच यांचा मोठा खर्च विसरून या पद्धतीचे गोडवे गाणे योग्य नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ‘फ्रेंच बागाईत’ म्हणून तिचे अनुकरण झाले, पण ते फारसे रुजले नाही.

ऱ्हासाची कारणे मळ्याबाहेरची होती. शहर वाढले तशा जमिनी महागल्या व मळे बाहेर ढकलले गेले. आगगाडीने दक्षिणेकडील उबदार प्रदेशांतील भाजी लवकर व स्वस्त येऊ लागली. निर्णायक आघात मोटारींनी केला. पॅरिसमधील घोड्यांची शेवटची सार्वजनिक बस १९१३ मध्ये बंद झाली. पुढे तबेले ओस पडले आणि ज्या खतावर सारा व्यवहार उभा होता, ते दुर्मिळ झाले.

महाराष्ट्रात हिवाळा सौम्य असून रब्बीची पिके उघड्यावरच येतात. त्यामुळे येथे उष्ण वाफ्याची गरज सहसा भासत नाही. ढिगातील या उष्णतेचा वेगळा उपयोग मात्र जवळच झाला. इंदूर येथे ॲल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धती सिद्ध केली व १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. तेथे उष्णता हे साधन नसून खत हेच साध्य होते. अमेरिकेतील मेन राज्यात एलियट कोलमन यांनी १९७४ मधील फ्रान्सभेटीनंतर हिवाळी भाजीपाल्याची जुनी परंपरा नव्याने अभ्यासली. त्यांच्या मळ्यात लिदीच्या थरांऐवजी प्लॅस्टिकच्या छताखाली आणखी एक पातळ आच्छादन वापरले जाते. सालिटासारखी थंडी सोसणारी पाने मात्र तीच आहेत.