पिन

इंग्रजी भाषेतला सर्वांत कष्टाळू शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक 'पिन' म्हणेन. कागदाला पिन, पदराला पिन, अंबाड्याला पिन, तुंबलेल्या स्टोव्हला पिन, आणि बोलता बोलता कुणाला टोचलं की, "मारली पिन!" नाशिकहून पेठला येताना सावळघाटात एसटी वळते, त्या वळणाचं नावही हेअरपिनच.

आम्हा कॉमर्सवाल्यांचं तर अर्थशास्त्रच टाचणीवर उभं आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवलं, की एकटा माणूस दिवसाला वीस टाचण्यासुद्धा करू शकणार नाही. काम वाटून घेतलं तर दहाजण ४८,००० करतील. आमच्याकडे दहाजण काम वाटून घेतात, तेव्हा असलेली टाचणीही सापडत नाही.

सेफ्टी पिन वॉल्टर हंट या अमेरिकन गृहस्थाची. १८४९ साली १५ डॉलरचं देणं फेडायला त्याने ती शोधली आणि हक्क ४०० डॉलरला विकून मोकळा झाला. पिन सेफ, फायदा दुसऱ्याचा!

टपालाचा पिन मात्र मराठी डोक्यातला. श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यात मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी. एका नावाची गावं अनेक, पत्त्यांच्या लिप्या अनेक. नुसतं 'पेठ' लिहिलं, तर पत्राने पुण्याच्या नेमक्या कुठल्या पेठेत हिंडायचं? १५ ऑगस्ट १९७२ पासून 'पोस्टल इंडेक्स नंबर' आला. ४२२ म्हणजे नाशिककडचं, पुढचे २०८ आमचे. अनुष्टुभाच्या एका चरणाला आठ अक्षरं लागतात. वेलणकरांनी अख्खं पेठ सहा आकड्यांत बसवलं.

मग बँकेचा पिन आला. १९६७ साली इंग्लंडात पैसे देणारं यंत्र बसवणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे. ते सांगत, की त्यांना सहा आकडे हवे होते, बायको म्हणाली, "माझ्या चारच लक्षात राहतील." विषय संपला.

घोटाळा इथेच आहे. टपालाचा पिन जगाला सांगायचा, बँकेचा पोटच्या पोरालाही नाही. पाड्यावरच्या एका आजींना कार्ड देताना मी बजावलं, "आजी, पिन कुणाला सांगायचा नाही."

"मंग पोराचा कागद कसा येल?" आजी म्हणाल्या. पोरगा निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेलेला.

दोन्ही पिन समजावून सांगायला पाऊण तास लागला. मागे रांग कुरकुरत होती. आजींच्या वर्षभराच्या पेन्शनपुढे रांगेचं काय! शेवटी त्यांनी कार्ड पदरात गुंडाळलं, गाठ मारली आणि वरून सेफ्टी पिन लावली.