आधी मैदान, मग घरे

शिवाजी पार्कचे मैदान लोकांसाठी खुले झाले ते १९२५ साली. त्याच्या भोवतीची घरे मुख्यतः उभी राहिली ती १९३० च्या दशकात. मुंबईच्या मोकळ्या जागांचा इतिहास सांगताना हा क्रम सहसा कुणी सांगत नाही. क्रिकेट, सभा आणि कट्ट्यावरच्या गप्पा यांतच मैदानाची कहाणी संपते. पण सुमारे अठ्ठावीस एकरांचा हा तुकडा, जमिनीच्या किमतीने माणसाचे डोळे फिरावेत अशा शहरात, शंभर वर्षे का टिकला, याचे उत्तर मला या क्रमातच दिसते. नंतरच्या पिढ्यांनी उपनगरे वसवताना क्रम उलटा केला. आधी घरे बांधली, मग नकाशावर हिरवा रंग भरून मैदाने मागितली. त्यातली बरीच मैदाने हिरव्या रंगातच राहिली.

आज दादर-माटुंग्याला उपनगर म्हटले तर लोक हसतील, पण त्या भागाचा जन्म उपनगर म्हणूनच झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि मांडवी, नागपाडा, गिरगाव भागातल्या कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराच्या पोटातली दाटी फोडायची आणि उत्तरेकडच्या भातखाचरांवर, वाड्यांवर, पाणथळ जमिनीवर नवी वस्ती करायची, असा त्याचा दुहेरी उद्योग. १८९९-१९०० मधल्या योजनांनुसार दादर-माटुंगा भागात साठ हजार आणि शीव-माटुंग्यात तितक्याच लोकांची सोय व्हायची होती. कागदावरची योजना जमिनीवर यायला मात्र दोन-तीन दशके लागली. या दिरंगाईबद्दल ट्रस्टला त्या काळी पुष्कळ बोल लावले गेले. पण तिचा एक फायदा झाला. रस्ते, गटारे, झाडे आणि बागा यांची आखणी घरांच्या कितीतरी आधी पुरी करता आली.

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे दादरची पारशी कॉलनी. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी बेताच्या उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि कॉलनीचा आराखडा कोणत्या रस्त्यावर कोणते झाड लावायचे इथपर्यंत ठरवला. घरांचा पाया खणण्याआधी झाडांच्या रांगा लागल्या. मधोमध पाच बागा सोडल्या, त्याच आजच्या फाइव्ह गार्डन्स. ट्रस्टने हे उदारपणाने केले असे मानायचे कारण नाही. ट्रस्ट भूखंड भाडेपट्ट्याने देत असे आणि त्या भाड्यावर त्याचा ताळेबंद अवलंबून होता. गावाबाहेरच्या भाताच्या शेतात कुणी राहायला यावे, तर रुंद रस्ता, हवा आणि समोर बाग हेच आमिष. बाग बुजवली तर भूखंडांचा भाव उतरणार, हे ट्रस्टलाही कळत होते आणि पट्टेदारालाही. मोकळी जागा वस्तीच्या हिशेबातच धरलेली असल्याने, तिला हात लावणे सगळ्यांच्याच तोट्याचे होते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ट्रस्ट ही वसाहतकालीन सत्तेची संस्था होती, तिच्या हाती सक्तीने जमीन घेण्याचे अधिकार होते. नागपाड्यात किंवा प्रिन्सेस स्ट्रीटच्या योजनेत ज्यांच्या खोल्या पाडल्या, ते माटुंग्याच्या बागांसमोर राहायला गेले नाहीत. ते शेजारच्या तितक्याच दाट चाळींत घुसले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही नावेच सांगतात की नव्या उपनगराची हवा कुणासाठी होती. हे सगळे मान्य. पण यावरून ‘लोकशाहीत असे जमणार नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. कारण सक्तीशिवाय तेच साधण्याची तजवीज त्याच काळात झाली होती. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला असा पहिला कायदा. त्याची रीत अशी: एका भागातल्या सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, मैदाने, शाळांच्या जागा आधी काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या अंतिम भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. क्षेत्र घटते, पण भाव वाढतो. त्या वाढीतला काही हिस्सा मालकाने योजनेच्या खर्चाला द्यायचा. कुणी बेघर होत नाही आणि मैदानाचा भार एकट्या मालकाच्या डोक्यावर पडत नाही. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले या भागांतले सरळ रस्ते पाहिले की या योजनांचा हात ओळखू येतो. गुजरातने हे साधन कधी खाली ठेवले नाही; अहमदाबादचा विस्तार बराचसा त्याच पद्धतीने झाला. महाराष्ट्राने ते कायद्यात ठेवले आणि वापरातून जवळपास काढून टाकले. अलीकडे पुण्याजवळ म्हाळुंगे-माण भागात आणि नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात ते पुन्हा हाती घेतले गेले आहे.

मधल्या काळात काय झाले? १९५४ च्या कायद्याने शहरांना विकास आराखडा करणे बंधनकारक झाले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तीच चौकट पक्की केली. आता संपूर्ण शहराचा नकाशा एकदम होऊ लागला आणि खासगी जमिनींवर मैदान, बाग, शाळा अशी आरक्षणे पडू लागली. कल्पना भव्य होती, पण जमीन मालकाचीच राहिली आणि ती घ्यायला महापालिकेकडे पैसा नव्हता. त्यात याच कायद्याचे कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडते. नोटिशीची मुदत मूळ सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढवत नेली. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. या कलमाला शिव्या घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. एखाद्याची जमीन पैसे न देता पिढ्यानपिढ्या अडकवून ठेवायची, हा कुठला न्याय? दोष कलमाचा नाही. आधी घरे होऊ देऊन मग मैदान मागण्याच्या पद्धतीचा आहे.

पैशाची अडचण सोडवायला १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले: जमीन पालिकेला द्या आणि तेवढे बांधकाम दुसरीकडे करा. युक्ती हुशारीची होती, पण हे हक्क मुख्यतः उपनगरांत उतरले. म्हणजे एका ठिकाणी मैदान मिळाले की दुसऱ्या, आधीच कमी मैदाने असलेल्या वस्तीत माणसे वाढली. याच नियमावलीत मोठ्या भूखंडांवर १५ ते २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडण्याची अट होती, ती इमारतीच्या पोडियमवर चढवण्याची प्रथा पडली. अखेर २०१३ मध्ये, दादरच्याच एका जुन्या गिरणीच्या जागेवरील प्रकल्पाच्या खटल्यात, ही जागा जमिनीवरच हवी असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मोकळी जागा म्हणजे जमीन, हे न्यायालयाने सांगावे लागावे यातच सगळे आले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि जोरकसपणे मांडला जातो: निम्मे शहर झोपडपट्टीत राहत असताना मैदानांचे लाड कशाला, त्या जागी घरे बांधा. पण मोकळी जागा गेली म्हणजे घरे मिळाली, असे घडलेले नाही. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमात एक वाटा मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला अशी ढोबळ तिहेरी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. मैदानांचा वाटा आक्रसला तेव्हा कामगारांच्या घरांचाही आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जुनी वाटणी उचलून धरली होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या बाजूने निर्णय दिला.

आधी आखलेले मैदानही आपोआप टिकत नाही, हे खरे. शिवाजी पार्कात जिमखाने, व्यायाममंदिर, मंडळांच्या जागा यांनी कडा कुरतडल्या आहेत. तरी मध्य मोकळा राहिला, कारण मैदानाला भिंत नाही, आहे तो बसण्याजोगा कट्टा, आणि मैदान वापरणारे एका वर्गाचे नाहीत. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये माहीम पार्कचे शिवाजी पार्क झाले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, दसरा मेळावे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांचा मुक्काम, आणि रोजची शेकडो मुलांची नेट प्रॅक्टिस. यातल्या प्रत्येकाला मैदान आपले वाटते. रहिवाशांना आवाज आणि लाल मातीची धूळ यांचा त्रास होतो आणि ते कोर्टातही जातात, पण या तक्रारीतून मैदान बंद करा अशी मागणी पुढे येत नाही.

खरी अडचण आता मैदानाच्या भोवती आहे. २०१२ मध्ये पालिकेने या परिसराचे नाव वारसा यादीच्या प्रस्तावात घातले तेव्हा इथल्याच अनेक रहिवाशांनी विरोध केला, कारण जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला असता. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. जुन्या घराचा जिना चढणे म्हाताऱ्यांना जमत नाही. पण बुटक्या इमारतींच्या वस्तीसाठी मापलेले मैदान टॉवरच्या वस्तीला अपुरे पडणार, हेही तितकेच उघड आहे. म्हणून इथेही आधी मैदान, मग घरे हाच क्रम पाळावा: चढणाऱ्या मजल्यांसाठी विकासक जे अधिमूल्य भरतात, त्यातला ठरावीक वाटा त्याच प्रभागात नवी मोकळी जमीन विकत घेण्यासाठी बांधून ठेवावा, आणि ती जमीन ताब्यात आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.