वर्तमानपत्र फाडून आलेला माणूस

साल 1978, ऑगस्ट. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतल्या मार्क टेपर फोरममध्ये तुम्ही खुर्चीत बसता. शेजारी पूर्व लॉस एंजेलिसहून आलेल्या एक आजी. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली. या नाट्यगृहात त्या पहिल्यांदाच आल्यात, त्यांच्या अवघडून बसण्यावरूनच कळतं. मागच्या रांगेत स्पॅनिश-इंग्रजीची मिसळ चाललीय.

पडद्याच्या जागी वर्तमानपत्राचं अख्खं पहिलं पान टांगलंय. तारीख जून 1943ची. झूट सूटवाल्या टोळ्या शहरावर चालून आल्याची बोंब मोठ्या टायपात. चालून गेले होते ते खरं तर खलाशी आणि सैनिक. युद्धामुळे कापडावर निर्बंध असताना मेक्सिकन वंशाची पोरं ढगळ कोटांचे झूट सूट घालून मिरवतात, हा राग. पोरांना रस्त्यात गाठलं, सिनेमागृहातून ओढून काढलं, बदडलं, अंगावरचे कपडे फाडले. आजी तेव्हा किती वर्षांच्या असतील, याचा हिशेब तुम्ही मनातल्या मनात करता.

टर्रर्र! कागदातून चाकूचं पातं बाहेर येतं आणि सरळ खाली उतरतं. फटीतून माणूस आत पाऊल टाकतो. घाई अजिबात नाही. कॉलर नीट करतो, कफ ओढतो, कंगवा काढून एकेक केस मागे बसवतो. मग फटीत हात घालून कोट काढतो, टोपी काढतो. लाल शर्टावर काळा झूट सूट, गुडघ्याखाली लोंबणारी साखळी. आणि तो मागे रेलतो, आता पडतोय की काय असं वाटण्याइतका. पडत नाही. हा 'एल पाचुको', लुइस वाल्डेझ यांच्या 'झूट सूट' नाटकाचा सूत्रधार. पण आपल्या सूत्रधारासारखा नमन करणारा नव्हे. हा चुटकी वाजवतो आणि चाललेला प्रवेश जागीच गोठतो.

त्याच्याच चुटकीवर तुम्ही दहा-अकरा वर्षं मागे जाता. सनसेट स्ट्रिपवरचा गझारीज क्लब, धूर, घाम. हाच माणूस, पाचुको साकारणारा नट एडवर्ड जेम्स ओल्मोस, विशीतला, आपल्या 'पॅसिफिक ओशन' बँडपुढे उभा. गळा काही फार गोड नाही, त्यालाही ते ठाऊक आहे. किंचाळतो मात्र जीव तोडून, आणि नाचतो. दिवसा कॉलेज. नाटकाच्या वर्गात गेला तोही गाणं सुधारावं म्हणून! मागे रेलण्याचा तो तोल मला तरी या क्लबातलाच वाटतो.

पुन्हा चुटकी. सत्तरचं दशक, गल्लीत उभी व्हॅन. जुनं नक्षीदार फर्निचर लोकांच्या घरी पोचवायचं, त्यावर संसार चालवायचा आणि मधल्या वेळात ऑडिशन. टीव्हीवर किरकोळ कामं मिळतात. संवाद दोन-चार.

आणि आज हा पाचुको. 'ओराले', 'एसे' असे मेक्सिकन-अमेरिकन पोरांच्या कालो बोलीतले शब्द तो फेकतो, लालो गरेरोंची चाळीसच्या दशकातली गाणी म्हणतो आणि प्रत्येक शब्दाला प्रेक्षागृहातून पडसाद येतो. ज्या बोलीसाठी शाळेत छडी खाल्ली, ती इथे तिकीट काढून ऐकायला मिळते, याचं हसू आहे ते.

1979मध्ये हेच नाटक ब्रॉडवेवर गेलं. ओल्मोसला टोनीचं नामांकन मिळालं, नाटक मात्र 41 प्रयोगांत बंद पडलं. पुढे 'मायामी व्हाइस'साठी एमी, 'स्टँड अँड डिलिव्हर'साठी ऑस्करचं नामांकन, हे सगळं व्हायचंय. तुम्ही इथेच थांबा, उत्तरार्ध सुरू झालाय.

खलाशी पाचुकोला घेरतात. घोळका बाजूला होतो तेव्हा तो जमिनीवर पडलेला असतो, अंगावर फक्त लंगोटी. कोट नाही, टोपी नाही. सावकाश उठतो. शंखाचा आवाज घुमतो आणि समोर आझ्टेक पुरुष उभा असतो. तोंड प्रेक्षकांकडेच ठेवून तो एकेक पाऊल मागे जातो, अंधारात मिसळतो.

आजींची पर्स केव्हाच खाली घसरलीय. त्या उचलायला वाकत नाहीत.